मोटारीचे दोन पंखे



मे महिना उजाडला कीं मुंबई-पुण्याकडील चाकरमानी मंडळी आपापल्या मोटारी घेऊन आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत उतरूं लागतात. कोणी महामार्गानें सरळ येतात. कोणी कोल्हापूरच्या अंबाबाईचें दर्शन घेऊन गगनबावड्यावरून करूळच्या अगर भुईबावड्याच्या घाटानें येतात, कोणी राधानगरीवरून फोंडाघाट उतरतात, तर कोणी आंबोलीवरून सावंतवाडी गांठतात. उतरतांना कोणाची फारशी तक्रार नसते. परत जातांना मात्र आंब्याच्या पेट्या, फणस, कोकमाचे डबे आणि चार-पांच माणसें एवढा भार घेऊन तीच मोटार घाट चढूं लागली, म्हणजे एखाद्या वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली गाडी, तिच्यांतून निघणारी वाफ, आणि हातांत पाण्याची बाटली घेऊन पुढें जावें कीं मागें सरावें ह्या विचारांत पडलेला गृहस्थ, हें दृश्य हमखास दृष्टीस पडतें. अशा वेळीं कोणी इंजिनाला दोष देतो, कोणी पाण्याला, कोणी उन्हाला. पण रेडिएटरच्या पाठीशीं बसलेल्या पंख्याची आठवण फार थोड्यांना होते. आजचें माझें भाषण त्या पंख्याविषयीं आहे.

मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाहीं. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकी पत्करली आणि मुलांना गणित व शास्त्र शिकवितां शिकवितां निवृत्त झालों. परंतु ह्या विषयाला पदवीची गरजहि फारशी नाहीं. क्रमिक पुस्तकांतील दोन-तीन नियम आणि रस्त्यावरचें थोडें निरीक्षण एवढ्यावर तो बराचसा उलगडतो.

मोटारीच्या इंजिनांत पेट्रोल अगर डिझेल जळतें, तेव्हां त्या ज्वाळेचें उष्णतामान क्षणभर दोन हजार अंशांच्याहि वर जातें. ह्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एक-तृतीयांश भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. जवळजवळ तितकाच धुराबरोबर निघून जातो. आणि उरलेला इंजिनाच्या धातूंत शिरतो. तो तेथून बाहेर काढला नाहीं तर तेल जळून जाईल, दट्टे फुगून नळकांड्यांत आवळतील आणि सारें यंत्र जागच्या जागीं धरून बसेल. म्हणून इंजिनाच्या भिंतींतून पाणी खेळविलेलें असतें. हें पाणी तापून रेडिएटरमध्यें येतें, तेथील बारीक नळ्यांतून व त्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांतून आपली उष्णता हवेला देतें, आणि निवून पुन्हा इंजिनांत जातें. फोर्डच्या सुप्रसिद्ध टी नमुन्याच्या बहुतेक मोटारींत हें पाणी फिरविण्यास पंपहि नसे. गरम पाणी हलकें होऊन वर चढे, थंड पाणी जड होऊन खालीं उतरे, आणि त्या चढउतारावरच काम भागे. पंखा मात्र त्या मोटारीलाहि होता. कारण पाणी आपोआप फिरलें तरी हवा आपोआप हलत नाहीं.

रेडिएटरच्या झांकणाचें मर्म गृहिणींच्या लगेच ध्यानांत येईल. स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरप्रमाणें हें झांकणहि आंतील वाफ कोंडून धरतें. दाब वाढला कीं पाण्याचा उकळण्याचा बिंदुहि वर सरकतो, आणि शंभर अंशांना उकळणारें पाणी एकशें पंधरा-वीस अंशांपर्यंत न उकळतां राहूं शकतें. झांकणाचें रबर चिरलें, दाब निसटला, म्हणजे तें पाणी पूर्वीच्याच बिंदूला उकळतें. त्यांतून आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें सातशें मीटर उंच. दर तीनशें मीटर चढलें कीं उघड्या भांड्यांतील पाणी सुमारें एक अंश आधीं उकळतें; म्हणजे घाटमाथ्यावर दोन अंशांची आणखी तूट. ज्या गाडीचें झांकण निकामी आहे ती मालवणच्या बाजारांत दिवसभर हिंडेल आणि आंबोलीला मात्र दगा देईल, ह्यांत नवल तें काय?

आतां पंख्याकडे वळूं. मोटारींत पुष्कळ वर्षें एक प्रकार फार रूढ होता. इंजिनाचा मुख्य कणा फिरतो, त्याच्या तोंडाशीं असलेल्या चाकावरून एक रबरी पट्टा पाण्याच्या पंपाच्या चाकावर नेलेला असतो, आणि त्या पंपाच्याच आंसावर पुढें पंख्याचीं पातीं बसविलेलीं असतात. ह्या पट्ट्याला सारेजण फॅनबेल्ट म्हणतात. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर रस्त्यावर एस. टी.ची पहिली गाडी धांवली ती बेडफर्ड बनावटीची होती, १९४७ पासून महिंद्रांनीं मुंबईस जुळवावयास घेतलेल्या विलीज जीपगाड्या, पुढें कुर्ल्यास निघालेल्या फियाट आणि पद्मिनी, कलकत्त्याकडील ॲम्बॅसडर, ह्या साऱ्यांचा पंखा याच जातीचा. आमच्या लहानपणीं एस. टी.चा ड्रायव्हर घाटाच्या पायथ्याशीं गाडी थांबवून क्लीनरकडून रेडिएटरमध्यें पाणी भरून घेई, आणि आम्ही पोरें त्या फिरत्या पात्यांकडे टक लावून पाहत असूं.

ह्या पंख्याचा स्वभाव समजण्यास आपल्या विहिरीवरील रहाट आठवावा. बैल चालेल तसा रहाट फिरतो आणि रहाट फिरेल तसें पाणी येतें. बैल रेंगाळला कीं पोफळीच्या बागेंत पाण्याची धार बारीक होते. बैल धांवला कीं पाट भरून वाहतो. झाडांना पाणी किती हवें, ह्याची चौकशी बैल करीत नाहीं. इंजिनावरचा पंखा हा असा रहाट आहे. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेईल तर पंखाहि त्याच मानानें, आणि इंजिन तीन हजार घेईल तर पंखाहि तिप्पट.

घाट चढतांना ही गोष्ट फार सोयीची असते. दुसऱ्या गियरमध्यें गाडी ताशीं वीस-पंचवीस किलोमीटर चालली आहे, समोरून वारा जवळजवळ नाहीं, पण इंजिन मात्र जोरांत फिरत आहे. त्याच वेळीं उष्णता अधिक, आणि त्याच वेळीं पंखाहि वेगांत. जणूं भूक आणि ताट एकदमच समोर यावें. अवजड गाड्यांनीं हा पंखा इतकीं वर्षें सोडला नाहीं, त्याचें एक कारण हें.

पण शहरांतील दाटींत नेमकें उलट घडतें. दादरला अगर परळला सिग्नलपाशीं गाडी उभी आहे, इंजिन नुसतें गुरगुरत आहे, पंखा मंद फिरत आहे, आणि खालीं डांबरी रस्ता तव्यासारखा तापला आहे. हवा हवी तेव्हां ती नाहीं. तेंच सपाट मोकळ्या रस्त्यावर ताशीं साठ-सत्तरच्या वेगानें जातांना समोरचा वाराच रेडिएटरला पुरून उरतो; तरीहि पंखा आपला पट्ट्याला बांधलेला, घोंघावतच राहतो. हें घोंघावणें फुकटचें नव्हे. येथें एक नियम सांगतों, आणि तो ह्या साऱ्या विषयाची किल्ली आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर त्याला लागणारी शक्ति दुप्पट होत नाहीं, आठपट होते. कारण साधें आहे. वेग दुप्पट झाला कीं दर मिनिटाला हलविलेल्या हवेचें वजन दुप्पट होतें. शिवाय त्या हवेच्या प्रत्येक किलोला दुप्पट गति द्यावी लागते, आणि गति दुप्पट म्हणजे तिच्यांतील ऊर्जा चौपट. दोन गुणिले चार, आठ. वेग तिप्पट केला तर सत्तावीसपट. म्हणजे हजार फेऱ्यांना जो पंखा नाममात्र शक्ति खातो तोच तीन हजार फेऱ्यांना सत्तावीस वांटे उचलतो. आणि मोकळ्या रस्त्यावर हे सत्तावीसहि वांटे पाण्यांत जातात.

विजेचा पंखा आला तो ह्या उधळपट्टीमुळें आला, असें पुष्कळांना वाटतें. तें अर्धेंच खरें आहे. त्याला घराघरांत आणणारें दुसरें कारण अगदीं निराळें, म्हणजे इंजिन आडवें बसविण्याची पद्धत. पूर्वी इंजिन गाडीच्या लांबीला समांतर असे. त्याचें तोंड पुढें, रेडिएटरकडे. त्यामुळें त्या तोंडाशीं लावलेला पंखा आपोआपच रेडिएटरसमोर येई. पुढचीं चाकें ओढणाऱ्या लहान मोटारींत जागा वांचविण्यासाठीं इंजिन आडवें घातलें, आणि त्याचें तोंड एका बाजूच्या चाकाकडे वळलें. आतां पट्ट्यावरचा पंखा रेडिएटरशीं गांठ घालणार कशी? इंग्लंडांत १९५९ सालीं निघालेल्या 'मिनी' मोटारींत ह्याची मोठी गंमत केलेली होती. पंखा इंजिनाला सोडीना, म्हणून रेडिएटरच उचलून बाजूला, चाकाच्या खोबणीशीं नेऊन बसविला! हा उपाय इतरत्र फारसा रूढ झाला नाहीं. रेडिएटर पुढेंच, वाऱ्याच्या तोंडीं ठेवावा, आणि पंख्याला स्वतःची विजेची मोटर द्यावी, हाच मार्ग सरळ ठरला. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरांत पहिली मारुती-८०० रस्त्यावर आली ती अशीच आडव्या इंजिनाची व विजेच्या पंख्याची. तिच्या मागोमाग मध्यमवर्गाच्या दारांत ज्या ज्या लहान गाड्या आल्या त्यांतील बहुतेक ह्याच वळणाच्या. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीं पट्ट्याचा पंखा अधिक काळ सांभाळला. पण ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनीहि तेथील टॅक्सींतून निघून गेली.

विजेच्या पंख्याचा कारभार असा. रेडिएटरच्या पाण्यांत उष्णता ओळखणारें एक लहानसें बटण बुडविलेलें असतें. पाणी पंचाण्णव अंशांच्या आसपास गेलें कीं तें पंख्याला वीज जोडून देतें. पांच-सात अंश उतरलें कीं तोडतें. हल्लींच्या गाड्यांत हा निर्णय इंजिनाचा संगणक घेतो आणि गरजेप्रमाणें मंद किंवा जलद असा वेगहि ठरवितो. गाडी उभी असो वा चालती, इंजिन गुरगुरो वा गर्जो, पंख्याला त्याच्याशीं कर्तव्य नाहीं. ही रहाटाच्या जागीं विजेचा पंप बसविल्यासारखी स्थिति झाली. शिवाय सकाळीं गार इंजिन सुरू केल्यावर पंखा स्वस्थ बसतो, त्यामुळें इंजिन लवकर तापतें. तें लवकर तापणें इष्टच आहे. थंड इंजिनांत इंधन नीट जळत नाहीं आणि तेलाला चिकटा येतो. रेडिएटरच्या पुढें वातानुकूलनाची जाळी असते. तिलाहि हाच पंखा वारा पुरवितो. म्हणून आपल्या गाडींत चालतांना गारवा चांगला लागतो आणि सिग्नलला थांबलें कीं गरम हवा येते असें होऊं लागलें, तर पंख्याची चौकशी करावी. घाट लागण्यापूर्वीं मिळालेली ही सूचना आहे. ती फुकट दवडूं नये.

येथवर ऐकून कोणासहि वाटेल कीं, मग सर्वच गाड्यांना विजेचा पंखा कां नसावा? आमच्या आळींतील एका तरुणाला असेंच वाटलें. त्याच्याजवळ एक जुना डिझेलचा पिकअप आहे. मालवणच्या बंदरावरून बर्फांत घातलेली मासळी घेऊन तो फोंडाघाटानें कोल्हापूरच्या बाजारांत पोंचवितो, आणि त्यावर त्याच्या घरचीं पांच माणसें आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता अवलंबून. कोणा मेस्त्रीनें त्याला सांगितलें कीं पट्ट्याचा पंखा इंजिनाची ताकद खातो. तो काढून लहान मोटारीचा विजेचा बसविला तर डिझेल वांचेल. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, ह्यो पंखो काढतंय नि विजेचो बसयतंय." मीं त्याला पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब दाखविला. तो हिशेब आपल्यापुढेंहि मांडतों.

लहान मोटारीचा पंखा सुमारें दीडशें व्हॉटचा. बारा व्होल्टच्या बॅटरींतून तो साडेबारा अँपियर विजेचा प्रवाह घेतो. त्याच्या पिकअपचा मूळचा पंखा इंजिन पूर्ण वेगांत असतांना दोन-तीन अश्वशक्ति घेणारा; म्हणजे दीड ते सव्वादोन हजार व्हॉट. आतां ज्या पंख्यावर दहापट ते पंधरापट शक्ति खर्च होते तो हवाहि दहापट देतो असें नव्हे. मघाच्या नियमाप्रमाणें हवा वाढते ती शक्तीच्या घनमुळाच्या मानानें. तरीपण तो पंखा आकारानें मोठा, त्याचीं पातीं रुंद, आणि त्यानें ओढलेली हवा त्या दीडशें व्हॉटच्या पंख्याच्या दुपटीच्या वर खास होती. सपाटीवर ही तूट वारा भरून काढतो. फोंडाघाटांत वारा नाहीं, टनभर मासळी व बर्फ पाठीवर, आणि इंजिन ताणलेलें. तेथें कोण भरून काढणार?

बरें, विजेचाच पंखा पण मोठा, हजार-दीड हजार व्हॉटचा बसवावा म्हटलें तर? वीज आकाशांतून पडत नाहीं. ती अल्टरनेटर देतो, आणि अल्टरनेटरलाहि त्याच इंजिनाचा पट्टा फिरवितो. इंजिनाकडून घेतलेल्या शंभर भाग शक्तींतून अल्टरनेटर साठ-पासष्ट भागांची वीज करतो. पंख्याची मोटर त्यांतील साताठ-दशांश भागच पुन्हा फिरण्यांत उतरविते. शेवटीं पात्यांपर्यंत शंभरांतील पंचेचाळीस भाग पोंचले तर पुष्कळ झालें. पट्टा हीच शक्ति जवळजवळ सगळी पोंचवितो. ज्या गाडीला पंखा क्वचित् लागतो तिला ही गळती परवडते, कारण उरलेला वेळ पंखा बंदच असतो. ज्या गाडीला तो तासन् तास आणि पूर्ण जोरानें लागतो तिला गळतीच अधिक. मोठ्या मालमोटारीचा पंखा पूर्ण वेगांत पंधरा किलोवॅट शक्ति सहज घेतो. चोवीस व्होल्टच्या विजेनें तो चालवावयाचा म्हटलें तर सव्वासहाशें अँपियर प्रवाह लागेल. एवढा प्रवाह इंजिन सुरू करतांना बॅटरी क्षण-दोन क्षण देते. तासभर देणें तिच्या बापजन्मींहि शक्य नाहीं.

त्या तरुणानें हिशेब शांतपणें ऐकून घेतला आणि मेस्त्रीचें ऐकलें. मालवण-कणकवली रस्त्यावर आठ दिवस गाडी झकास चालली. आवाज कमी झाला, गाडी हलकी वाटूं लागली. नवव्या दिवशीं घाटांत कांटा लाल रेषेंत गेला. मागें बर्फ वितळत होता म्हणून थांबावयास त्याचें मन होईना. तो तसाच दोन वळणें चढला, आणि हेड गॅस्केट जळून पाणी तेलांत मिसळलें. मासळी घाटांतच गेली, गाडी चार दिवस दुरुस्तींत, आणि हप्ता चुकला. आतां त्याच्या गाडीला मूळचा पंखा पुन्हा बसला आहे. मेस्त्री वाईट होता असें मी म्हणणार नाहीं. जें लहान मोटारीला शोभलें तें त्यानें भारवाहू गाडीला लावून पाहिलें एवढेंच.

पट्ट्याच्या पंख्याचा उधळेपणा कमी करण्याची एक युक्ति ह्या दोहोंच्या मधली आहे, आणि मला ती फार आवडते. पंखा आणि त्याचें चाक ह्यांच्यामध्यें एक चपटी बंद डबी बसवितात. तींत सिलिकोनचें मधासारखें दाट तेल असतें, आणि डबीच्या तोंडाशीं दोन धातूंची जोडपट्टी वेटोळें करून लावलेली असते. शाळेंत आम्ही पितळ व लोखंड ह्यांची जोडपट्टी दिव्यावर धरून ती वांकते तें मुलांना दाखवीत असूं, तीच ही. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली कीं वेटोळें वळतें, आंतील झडप उघडते, दाट तेल दोन तबकड्यांच्या फटींत शिरतें आणि पंख्याला चाकाबरोबर ओढून नेतें. हवा निवली कीं तेल परत फिरतें आणि पंखा ढिला पडून मंद होतो. ना तार, ना बटण. घाट चढतांना एखाद्या डिझेल गाडीचा आवाज एकाएकीं विमानासारखा वाढतो, तेव्हां ही डबी जागी झालेली असते. घाबरण्याचें कारण नाहीं. मागें इंजिन असलेल्या कित्येक बसगाड्यांत रेडिएटर बाजूला असतो, म्हणून तेथें दाबाखालच्या तेलानें पंखा फिरवितात. तो प्रकार आज सोडून देतों.

परंतु अवजड वाहन आणि विजेचा पंखा ह्यांचें जन्मजात वैर आहे असें मात्र समजूं नये. त्याचा दाखला आमच्या जिल्ह्यांतूनच गेला आहे. २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वे अखंड सुरू झाली आणि वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी ह्या स्थानकांवर डिझेलचीं इंजिनें धापा टाकीत येऊं लागलीं. अमेरिकेंतील आल्को कंपनीच्या नमुन्यावर वाराणसीस बांधलेल्या जुन्या डिझेल इंजिनांत रेडिएटरचा भला मोठा पंखा इंजिनाच्याच शक्तीनें, कांटकोनांतील दांतेरी चाकांतून फिरे, आणि मध्यें चुंबकाच्या ओढीनें धरणारी पकड असे. त्यानंतर जनरल मोटर्सच्या नमुन्याचीं इंजिनें आलीं. त्यांत पंख्यांना विजेच्या मोटरी दिलेल्या. तेथें सव्वासहाशें अँपियरची अडचण नव्हती, कारण डिझेल रेल्वे इंजिन म्हणजे चाकांवरचें वीजगृहच; त्यांतील वीज उच्च दाबाची. व्होल्ट वाढले कीं तेवढ्याच शक्तीला अँपियर कमी लागतात, आणि मग बारीक तारेनेंहि काम भागतें. म्हणजे प्रश्न वाहनाच्या आकाराचा नसून त्याच्याजवळच्या विजेचा आहे. २०२२ सालीं कोंकण रेल्वेचें विद्युतीकरण पूर्ण झालें, आणि त्याच वर्षीं १ जूनला एस. टी.ची विजेवरील 'शिवाई' बस पुणें-अहमदनगर ह्या तिच्या पहिल्याच वाटेवर धांवली. तिला इंजिन नाहीं, पट्टा नाहीं. पण बॅटरी, मोटर व त्यांचे नियंत्रक हेहि तापतात, त्यांनाहि निववावें लागतें, आणि तेथील पंखा अर्थातच विजेचा. रहाटाचा बैलच गोठ्यांतून गेला, तेव्हां रहाट कशाला उरेल?

आतां भरंवशाचा प्रश्न. पट्टा तुटला तर जुन्या गाडींत पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो हे तिन्ही एकदम थांबतात. संकट मोठें खरें, पण तें बोंब मारून येतें. समोरचा तांबडा दिवा तत्काळ लागतो आणि शहाणा चालक तेथेंच थांबतो. विजेचा पंखा बिघडतो तो मुक्यानें. फ्यूज जळतो, मोटरचे कार्बन झिजतात, बटण अडकतें, जोडणींत गंज चढतो. पण गाडी सपाटीवर चालती असेतोंवर कोणाला पत्ताहि लागत नाहीं. आणि गंज चढण्याला आमच्या किनाऱ्यासारखी जागा नाहीं. मालवण, देवगड, वेंगुर्लें येथील खारी हवा खिडकीच्या गजांना सोडीत नाहीं, मग तांब्याच्या जोडण्यांना काय सोडणार? देशावर दहा वर्षें बिनतक्रार चालणारी जोडणी येथें तीन-चार पावसाळ्यांत हिरवी पडते. म्हणून किनाऱ्यावर राहणारांनीं वर्षांतून एकदां, पाऊस सरल्यावर, पंख्याची जोडणी उघडून साफ करवून घ्यावी. वाटेंत पंखा बंद पडला आणि दोष बटणाचा असला, तर जाणता मेस्त्री बॅटरीवरून सरळ तार देऊन पंखा चालू करून देतो. गॅरेजच्या भाषेंत ह्याला 'डायरेक्ट करणें' म्हणतात. तेवढ्यावर घर गांठतां येतें. कायमचा मात्र तसा ठेवूं नये.

घाटांत कांटा चढूं लागला तर काय करावें? प्रथम वातानुकूलन बंद करावें, आणि गाडीला हीटर असेल तर तो पूर्ण सोडावा. भर उन्हांत हें विचित्र वाटेल. पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, आणि त्यानें इंजिनाची कांहीं उष्णता बाहेर पडते. तेवढ्यानें भागलें नाहीं तर रुंद जागा पाहून थांबावें. पट्ट्याचा पंखा असेल आणि पट्टा शाबूत असेल, तर गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून इंजिन किंचित् वाढवून चालूं द्यावें, म्हणजे पंखा व पंप दोन्हीं काम करतात. विजेचा पंखा असेल तर तो फिरतो आहे कीं नाहीं तें आधीं ऐकावें. फिरत असेल तर इंजिन मंद चालूं द्यावें, फिरत नसेल तर लगेच बंद करावें. रेडिएटरचें झांकण गरम असतांना उघडूं नये, हें मी कितीदां सांगूं? कुकरची शिटी वाजत असतां झांकण ओढणारी गृहिणी मीं पाहिली नाहीं. मोटारीचें झांकण ओढणारे पुरुष मात्र पुष्कळ पाहिले. अर्धा-पाऊण तास थांबावें, आणि मग पाणी घालावें, तेंहि इंजिन चालू ठेवून, थोडें थोडें.

दुसरी सावधगिरी हाताची. पट्ट्याचा पंखा इंजिन बंद होतांच थांबतो, हें आपल्या हाडांत मुरलें आहे. विजेचा पंखा तसा नव्हे. कित्येक गाड्यांत किल्ली काढून घेतल्यावरहि, पाणी आंतल्या आंत तापून बटण जागें झालें कीं पंखा एकाएकीं फिरूं लागतो. बॉनेट उघडून कुतूहलानें बोट घालणाऱ्या मुलांना हें आधींच बजावून ठेवावें, आणि मोठ्यांनींहि आपलें उपरणें, ओढणी, मनगटाचा गंडा सांभाळावा.

पावसाळ्यांत गड नदीचें अगर तेरेखोलचें पाणी कॉजवेवर चढतें, तेव्हां तें ओलांडूंच नये हें उत्तम. जीपच्या काळांत ओढा ओलांडण्यापूर्वीं फॅनबेल्ट ढिला करीत. कारण फिरता पंखा पाण्यांत शिरला कीं पाणी चहूंकडे उडवून ठिणगीच्या तारा भिजवितो, आणि त्याचीं पातीं पाण्याच्या जोरानें पुढें वांकून रेडिएटरलाच कापतात. ह्या बाबतींत आमच्या मच्छीमारांचें इंजिन भाग्यवान्. ट्रॉलरवरच्या इंजिनाला पंखा नसतोच. समुद्राचें पाणी पंपानें ओढून त्याच्या योगानें तें निववितात, आणि अरबी समुद्र कधीं उकळल्याचें ऐकिवांत नाहीं.

पंखा कोणताहि असो, जाळी तुंबलेली असेल तर दोघेहि सारखेच निरुपयोगी. जांभ्या दगडाची तांबडी धूळ आणि पावसाळ्यांतील किडे मिळून रेडिएटरच्या पत्र्यांमध्यें लिंपणासारखा थर बसतो. तो धुतांना पाण्याची धार शक्य तों आंतून बाहेर, म्हणजे इंजिनाच्या बाजूनें पुढें सोडावी, नाहींतर घाण अधिकच आंत दडपली जाते. धार फार जोराची नको; पत्रे कागदासारखे पातळ असतात आणि वांकले कीं वाऱ्याची वाट बंद करतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, सकाळच्या वेळीं, माडाला पाणी घालतांच हें काम उरकून घ्यावें. सुट्टी संपवून घाटाकडे निघण्याच्या आदल्या दिवशीं घेतलें तर अधिक बरें.